रविवारची हजेरी

जगदीश रोकडे लष्करातून घरी येऊन वीस वर्षं होत आली, तरी शहापूरजवळच्या त्याच्या घरात अजून लष्करच नांदत होतं. चपला दाराशी एका रेषेत, बादल्या थोरलीपासून धाकटीपर्यंत ओळीनं, आणि कुणाच्या ताटात चार शितं उरली तरी या माणसाचं तोंड वाकडं. त्याची बायको चंदा शेजारणींना सांगायची, "गो, माझं लगीन मानसाशी नाय झालं, पलटणीशी झालं." तिचं काही खोटं नव्हतं.

पूर्वेकडच्या डोंगरांत, एका रुंद नदीवरच्या पुलाशेजारी लष्कराचा तळ होता. जगदीश तिथं टेलिफोन एक्स्चेंजवर होता. त्या तळावर शहापूर-मुरबाडकडचे बरेच जण योगायोगानं एकत्र आले. कुणी ट्रक चालवायचा, कुणी पुलावर पहारा करायचा. मुरबाडकडचा महिपत विशे हा लांगरी, म्हणजे स्वयंपाकी. डोळखांबच्या पाड्यातला धाकलू त्याच्या हाताखाली लाकडं फोडायचा आणि भांडी वाहायचा. गावाकडं ज्यांच्या आजोबांनी एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नसतं, ते हे तिघं त्या थंडीत एका मगातला चहा आलटून पालटून प्यायले. सगळे त्या जागेला नुसतं 'बेस' म्हणत आणि अजूनही तसंच म्हणतात.

नोकरी संपली तशी माणसं पांगली. लग्नाकार्यात गाठी पडायच्या, कडकडून मिठ्या व्हायच्या, 'भेटू रे' म्हणून पुन्हा वर्ष उलटायचं. मग पांडू गेला. बेसवरचा ट्रक ड्रायव्हर पांडू. तो गेल्याची बातमी जगदीशला दोन महिन्यांनी सरळगावच्या बाजारात मिळाली, तीही कांदे घेता घेता. तो तसाच पांडूच्या घरी गेला. पांडूची बायको उंबऱ्यात बसली होती. ती एवढंच बोलली, "रोज दोस्तांच्या गोष्टी सांगायचे. खांद्याला एक नाय आला." जगदीशनं ते वाक्य घरी आणलं ते कायमचंच.

त्यानंतर त्यानं हजेरी सुरू केली. दर रविवारी सकाळी तो ओट्यावर बसायचा, घसा साफ करायचा आणि बेसच्या ग्रुपवर आपल्या आवाजात आठवड्याची खबर टाकायचा. कुणाच्या लेकीचं जमलं, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, कुणाचा पोरगा भरतीत धावला. त्यावर प्रत्येकानं आपल्या आवाजात एकच शब्द टाकायचा, 'हाजिर'. त्या शब्दाचे अर्थ दोन. मी जिवंत आहे, आणि तू सांगितलंस ते मी ऐकलं. दुपारपर्यंत ज्याचा आवाज आला नाही, त्याच्या घरी जवळच्यानं जाऊन बघून यायचं. साधा नियम होता, आणि त्या नियमानं एकदा एकाला पडवीत चक्कर येऊन पडल्यावर वेळेवर उचललंही होतं.

पण नियम करणं सोपं आणि पाळणं अवघड. पहिल्या वर्षी सगळे आवाज यायचे. मग कुणी नुसतं लिहायला लागला, कुणी अंगठा दाखवायला लागला. आणि जुनी सवय हळूच आत शिरली. बेसवर संध्याकाळची गिनती, म्हणजे हजेरी, व्हायची ती धुक्यात आणि अर्ध्या अंधारात. कुणी यायला उशीर केला तर शेजारचा आवाज बदलून त्याच्या नावानं 'हाजिर' ठोकून द्यायचा. एकदा जगदीशच खालच्या बाजारात अडकला होता, तेव्हा महिपतनं नाकात बोलून त्याची हजेरी लावली होती आणि सुभेदाराला पत्ता लागला नव्हता. दोस्ताची हजेरी लावणं हा तिथं गुन्हा नव्हता, तो धर्म होता.

महिपतची वाडी सिद्धगडाच्या पायथ्याशी. तिथं रेंज म्हणजे देवाची कृपा, आली तर आली. बायको गेल्यापासून महिपत एकटाच राहायचा. मुलगा दीपेश मुरबाडच्या एका कारखान्यात कामाला आणि तिथंच खोली करून राहिलेला. महिपतचा 'हाजिर' हुकायला लागला तसं धाकलूनं ते काम अंगावर घेतलं. धाकलूची लेक महिपतच्या शेजारच्याच वाडीत दिलेली. तिच्याकडून कळायचं आणि धाकलू ग्रुपवर लिहायचा, 'महिपत हाजिर. रेंज नाय.' जगदीशला नंबर कुणाचा ते दिसत होतं. पण हजेरीत एक जागा रिकामी राहिली की त्याला भातात खडा लागल्यासारखं व्हायचं. ती जागा कुणी का भरेना, भरली की स्वारी खूश.

त्या रविवारी तर तो फारच खूश होता. बडाखाना आठवड्यावर आला होता. वर्षातून एकदा सगळे बेसवाले जमायचे, एका पंगतीत जेवायचे, त्याला ते लष्करातल्याच नावानं बडाखाना म्हणत. खबर टाकून तासभर झाला आणि शेवटचा 'हाजिर' येऊन पडला. सगळी पलटण जागेवर. जगदीशनं चहाचा कप उचलला तोच फोन वाजला. महिपतचा दीपेश.

"काका, बाबांचा फोन गुरुवारपासनं लागत नाय. तुमाला काय कळलं काय? मी गाडी काढली हाय, घरी जाऊन येतो."

"अरे, काळजी कसली करतोस?" जगदीश ऐटीत म्हणाला. "आत्ताच हाजिर झालाय तो. ग्रुपवर हाय. रेंजचा लोचा असंल."

"नक्की ना काका?"

"मी सांगतोय ना!"

पलीकडे दीपेशनं सुटकेचा श्वास सोडला. "मग मी ड्युटीवरच जातो. आज ओव्हरटाइम व्हता, दांडी पडली असती. आमचा फोन गेटवर जमा करावा लागतो. संध्याकाळी बाबांना लावतो."

चंदा तांदूळ निवडत होती. सुपातून डोळे न उचलता तिनं विचारलं, "महिपतभावजींचा आवाज कसा हाय आता? मागं लय खोकत व्हते ते."

जगदीश उत्तर द्यायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की त्याला माहीत नाही. त्यानं फोन हातात घेतला आणि अंगठ्यानं ग्रुप मागं मागं सरकवत नेला. हा रविवार, आधीचा, त्याआधीचा. 'महिपत हाजिर. रेंज नाय.' 'महिपत हाजिर.' सगळीकडं धाकलूचाच नंबर. महिपतचा स्वतःचा आवाज सापडला तो थेट दिवाळीच्या आधीचा. जगदीशनं तो लावला. खोकला, आणि मग हसत, "हाजिर रे बाबा, हाजिर."

त्यानं धाकलूला फोन लावला. "धाकलू, महिपत कुठं हाय?"

"घरी असंल. टाकलं ना मी त्याचं सकाळी."

"तेच विचारतोय. तू भेटलास त्याला? बोललास?"

"लेक सांगायची ना, काका बरा हाय म्हनून."

"सांगायची? आता कुठं हाय लेक?"

धाकलू घुटमळला. "ती वीटभट्टीवर गेली भिवंडीकडं. दिवाळी झाल्यावर."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर मीच टाकत व्हतो रे," धाकलू म्हणाला. "बेसवर नाय का टाकायचो?"

  जगदीशला दोन रविवारांपूर्वीची आपलीच खबर आठवली. बडाखाना आधी, दिवाळीच्याही आधी, ठरला होता तो सिद्धगडाच्या अंगावरच्या एका सपाटीवर, परवाच्या शुक्रवारी. त्या सपाटीला हे लोक 'हेलिपॅड' म्हणायचे. चुली मांडून, जुन्या दिवसांसारखं रानात जेवायचं. मग एकेकाचे गुडघे बोलायला लागले. म्हणून जगदीशनं बेत बदलला आणि जोरदार आवाजात सांगितलं की बडाखाना शुक्रवारी नाही, डोंगरावर नाही, म्हसा गावच्या जत्रेत, त्यानंतरच्या आठवड्यात, रविवारी. ऐकलं त्यानं हाजिर टाका. सगळ्यांनी टाकलं होतं. महिपतचंही टाकलं गेलं होतं.

आणि महिपत हा बडाखान्याची ॲडव्हान्स पार्टी होता. तळ हलायचा असला की लष्करात एक टोळी आदल्या दिवशी पुढं जाते. जागा झाडते, पाणी भरते, चुली मांडते. मागची मंडळी पोचेपर्यंत तिनं जागा सोडायची नसते, मग आभाळ कोसळो. दर वर्षी हे काम महिपत एकटा करायचा आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. शुक्रवारचा बडाखाना म्हणजे तो गुरुवारी निघाला असणार. गुरुवारपासूनच त्याचा फोन बंद होता.

"धाकलू," जगदीश म्हणाला, "तो वर गेलाय. आपल्यासाठी वर गेलाय रे तो."

त्यानं दीपेशला फोन लावला. घंटी वाजत राहिली. फोन कारखान्याच्या गेटवर कुठल्या तरी खणात पडून ओरडत असणार. ज्या पोराला सकाळीच बापाकडं जायचं होतं, त्याला आपण दोन वाक्यांत परत फिरवलं, हे जगदीशला आठवलं. त्यानं दीपेशला निरोप लिहिला, 'फोन हातात आला की सरळ वाडीवर ये.' चंदानं काही न विचारता घोंगडी आणि भाकऱ्या पिशवीत भरल्या. गाडीला किक मारताना त्याचा पाय दोनदा घसरला.

धाकलू किन्हवलीच्या नाक्यावर उभा होता, जीपमधून उतरून आलेला, पायात नुसत्या स्लीपर. तो मागं बसला आणि सरळगाव येईपर्यंत जगदीश त्याला वाट्टेल ते बोलत राहिला. माणूस मेला का जगला ते न बघता हजेरी लावतोस, लाज नाय वाटली, खोटारडा, कामचुकार. वाऱ्यात अर्धे शब्द उडून जात होते, पण धाकलूला सगळे लागत होते. शेवटी तो जगदीशच्या कानाशी वाकला.

"नंबर माझा व्हता, जगदीश. तुला दिसत व्हता. तू एकदा तरी इचारलंस?"

जगदीशनं गाडीचा वेग वाढवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मुरबाड मागं पडलं, म्हसा आलं. जत्रेचे मांडव उभे राहत होते, टेम्पोतून बैल उतरत होते, पाळण्याचं लोखंड रस्त्याकडेला पडलं होतं. एरवी जगदीश इथं थांबून चार जणांशी बोलला असता. आज त्यानं गर्दीत हॉर्नवरचा हात काढला नाही.

महिपतच्या घराला बाहेरून कडी होती. शेजारची चिमाबाई ओट्यावर शेळ्यांना पाला घालत होती. दोघांना बघून ती खुलली. "आलात काय? नि महिपत कुठं मागं ऱ्हायला?"

"चिमाबाई, महिपत कधी गेला?"

"बेस्तरवारी. टोप, तांदूळ, कांदे, सगळं लादून वर गेला. शेळ्या माझ्या दावणीला बांधल्यान. बोलला, दोस्तांचा जेवण हाय, सनवारपरत येतो." ती हसली. "नाय आला, तं मी बोलली, दोस्तांनी ठेवून घेतला असंल. तुमी काय सोडता काय त्याला लवकर?" मग तिनं दोघांच्या तोंडांकडं नीट पाहिलं आणि तिच्या हातातला पाला खाली पडला. "तुमी त्याच्यासंगती नव्हता?"

सगळ्यांनाच या दोस्तीचा भरवसा होता. मुलाला होता, शेजारणीला होता, म्हणून कुणी शोधायला गेलं नव्हतं. परका माणूस असता तर शनिवारी रात्रीच वाडी रानात उतरली असती.

वाडीतले तीन गडी बरोबर निघाले. चिमाबाईनं आपल्या नातवाला रेंज मिळेल तिथं पिटाळलं, ॲम्ब्युलन्सला फोन करायला. वाट चढणीची, सुकल्या पानांवरून पाय सरकत होते. जगदीशचे गुडघे पहिल्याच टेपाडाला बोलायला लागले आणि त्याला संताप आला, कारण याच गुडघ्यांपायी बेत बदलला होता. मध्येच थांबून त्यानं छातीभर हाक मारली, "महिपत!" डोंगरानं ती परत दिली. झाडांवरचे वानर किंचाळले आणि पुन्हा सगळं शांत झालं. धाकलूनं मारली, गड्यांनी मारली. काही नाही. धाकलू पुटपुटला, "झोपला असंल."

हेलिपॅडवर पोचल्यावर सगळे जागीच उभे राहिले. सपाटी झाडून काढलेली होती. तीन दगडांची चूल होती, शेजारी रचून ठेवलेली लाकडं होती. मधोमध पळसाच्या पानांची पंगत मांडलेली होती, सबंध पलटणीला पुरेल एवढी, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येक पानावर एकेक दगड. टोप आडवा पडला होता. वानरांनी भात पार विस्कटला होता. चुलीमागं वाळलेल्या पानांचा दुसरा ढीग होता. जगदीशनं त्यातलं एक उचललं. ही पानं आदल्या दिवसाची, कडा मुडपलेली. म्हणजे शुक्रवारी एक पंगत मांडली, कुणी आलं नाही, म्हणून शनिवारी पानं बदलून पुन्हा मांडली.

धाकलू मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. जगदीशनं त्याच्या खांद्याला धरून त्याला उभं केलं. "ऊठ. तो जागा सोडून जानार नाय. इथंच हाय." त्याची नजर भिरभिरत होती. टोप होता, पळी होती, पिशवी फांदीला होती. "हंडा कुठाय? हंडा नाय इथं."

पाणी खालच्या ओहोळात. थंडीत त्याला धार कमी, पण दगड शेवाळलेले. ते घसरत, झुडपांना धरत खाली उतरले. पहिल्यांदा हंडा दिसला, पोचे पडलेला, दोन दगडांत अडकलेला. मग महिपतचा जुना खाकी स्वेटर दिसला. तो खडकाला पाठ लावून अर्धवट बसला होता. एक पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला आणि सुजून काळानिळा झालेला. डोळे मिटलेले. जगदीश गुडघ्यांवर आपटला आणि त्यानं त्याच्या नाकाशी हात धरला. हाताला काही लागेना. त्यानं आपलाच श्वास रोखला. तेव्हा कुठं तळव्याला जराशी ऊब लागली.

"महिपत. अरे मी आलोय. जगदीश."

महिपतनं डोळे उघडले. जरा वेळ तो नुसता बघत राहिला. ओठ फुटले होते. "किती वाजले? भात करपला असंल," तो म्हणाला. मग मान वळवून वाटेकडं बघायला लागला. "बाकीचे किती मागं हायत?"

"येतायत," जगदीशच्या तोंडून निघून गेलं. सवयच ती.

गड्यांनी दोन वासे तोडले, घोंगडीची झोळी केली. उचलताना महिपतनं अशी किंकाळी फोडली की धाकलूनं कान झाकून घेतले. मग वाट सुरू झाली. उतरणीला झोळी पुढं ओढायची, मागच्यांनी टाच रोवून तोल धरायचा, आणि प्रत्येक हिसक्याला महिपतच्या तोंडून हुंकार निघायचा. हुंकार येत होते तोवर ठीक होतं. अर्ध्या वाटेवर ते येईनासे झाले. त्याचे हात बर्फासारखे गार पडले.

"झोपू नको रे!" जगदीश ओरडला. त्याला सुचेना काय विचारावं. "सांग मला, सबंध बेसच्या मटनाला मिरची किती घालायचास?"

महिपत बोलला नाही. जगदीशनं पुन्हा विचारलं आणि मुद्दाम चुकीचं सांगितलं, "मूठभर ना?"

"मूठभर!" डोळे न उघडता महिपत खेकसला. "गाढवा. मूठभर मिरची पोरांच्या भाजीला." आणि तो हळूहळू सांगत गेला, मिरची किती, कांदा आधी का मिरची आधी, सुभेदाराला तिखट चालायचं नाही म्हणून त्याचं वेगळं कसं काढायचं. पायाखाली दगड सुटत होते आणि जगदीश मधूनमधून चुकीचं बोलत त्याला डिवचत होता. एका वळणावर झोळी टेकवली तेव्हा महिपतनं विचारलं, "सगळे खाली थांबलेत काय?"

आता जगदीशला खोटं बोलवेना. "कुणीच आलं नाय रे. बडाखाना म्हशाला नेला, पुढच्या रविवारी. तुला कळवलंच नाय कुणी. धाकलूनं तुझी हजेरी लावली नि मी ती खरी मानली."

 महिपतच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं गेलं. "असं हाय व्हय," तो म्हणाला. "मग बरं. मला वाटलं, मला वगळून जेवलात."

धाकलूनं तोंड फिरवलं. जगदीशनं दांडा पुन्हा खांद्यावर घेतला, कारण उभं राहिलं असतं तर पुढं पाऊल पडलं नसतं.

वाडीत उतरले तेव्हा उन्हं कलली होती. ॲम्ब्युलन्स चिमाबाईच्या अंगणापर्यंत आली होती. तिच्याजवळ कारखान्याच्या कपड्यांतच दीपेश उभा होता. तो धावत वर आला, बापाचा पाय त्यानं पाहिला. मग तो जगदीशकडं वळला.

"काका, तुमी बोलला, हाजिर हाय. मी नक्की काय म्हनून इचारलं. तुमी बोलला, मी सांगतोय ना."

जगदीशनं तोंड उघडायच्या आधी झोळीतून महिपतचा आवाज आला. आवाज क्षीण, पण स्वर जुनाच, गिनतीच्या वेळचा. "काकाला काय बोलू नको, दीपेश. तारीख बदलल्याचं मला त्यानं सांगितलं व्हतं. मीच इसरलो. म्हातारा झालो."

धाकलूनं चटकन जगदीशकडं पाहिलं. सगळं निभावलं असतं. महिपतनं हजेरी लावून दिली होती, पोरानं मानली असती, पुढच्या रविवारी म्हशाला सगळे जमले असते आणि जगदीशचा मान तसाच राहिला असता. पाय मोडून अन्नाविना रानात पडलेला हा माणूस अजूनही दोस्ताला सांभाळत होता. जगदीशला त्याचा राग आला, आणि त्याच्यावरच्या मायेनं छाती भरून आली.

"खोटं बोलतोय तो," जगदीश म्हणाला. "त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. मी त्याचा आवाज ऐकलाच नव्हता, तरी तुला हाजिर म्हनून सांगितलं. चूक माझी हाय."

महिपतनं वैतागून डोळे मिटले. दीपेशनं जगदीशच्या खांद्यावरचा दांडा काढून आपल्या खांद्यावर घेतला. "तुमी बाजूला व्हा," तो म्हणाला. जगदीश बाजूला झाला, पण महिपतनं घोंगडीतून हात काढून त्याचं मनगट धरलं होतं आणि तो ते सोडेना. ॲम्ब्युलन्सबरोबर आलेल्या कंपाउंडरनं सांगून पाहिलं, दीपेशनं बोटं सोडवून पाहिली. शेवटी जगदीशला तसंच वाकून त्याच्याबरोबर आत चढावं लागलं.

गाडी खडखडत निघाली. सलाइनची बाटली हिंदकळत होती. महिपतला ग्लानी आली होती, पण पकड ढिली झाली नव्हती. समोरच्या बाकावर दीपेश बसला होता, बापाच्या पायाकडं बघत. कंपाउंडर मघाशीच बोलला होता की पायाचं डॉक्टर बघतील, आत्ता काही सांगता येणार नाही. म्हसा गेलं. जत्रेतले दिवे नुकते लागत होते.

"काका," दीपेश म्हणाला, "खरं सांगा. मी सकाळीच इकडं आलो असतो तर?"

जगदीशनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. सांगायला सोप्या गोष्टी पुष्कळ होत्या. वाट सापडली नसती, तू वर गेलाच नसतास, नशिबात होतं.

"तर सकाळीच सापडला असता," तो म्हणाला.

दीपेशनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले. जगदीशनं हात पुढं केला नाही. तो हक्क आपण घालवलाय असं त्याला वाटलं. गाडी मुरबाडच्या अलीकडं आली तेव्हा दीपेशनं बाहीनं तोंड पुसलं, बाकाखालून पाण्याची बाटली काढली आणि जगदीशपुढं धरली.

"घ्या. सकाळपासनं पानी प्यायला नसाल तुमी."

जगदीशनं बाटली घेतली. एक हात महिपतच्या मुठीत होता. दुसऱ्या हातानं त्यानं झाकण फिरवून पाहिलं, पण एकट्या हातानं ते काही उघडेना. दीपेशनं ती परत घेतली, झाकण काढलं आणि पुन्हा त्याच्या हातात दिली.